रिपोर्टची पोच द्या

प्रति,
इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, स्नॅपचॅट, टेलिग्राम, एक्स आणि शेअरचॅट या समाजमाध्यमांचे भारतातील तक्रार निवारण अधिकारी

विषय : मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार करण्यासाठी ॲपमध्ये दिलेल्या ‘रिपोर्ट’ सोयीबाबत

महोदय / महोदया,

तलाठ्याकडे साधा अर्ज द्यायचा असला तरी माणूस दोन प्रती घेऊन जातो. एक टेबलावर ठेवतो आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय जागचा हलत नाही. काम होवो न होवो, अर्ज दिला होता हे तरी उद्या दाखवता येते. तुमच्या ॲपवर तेरा वर्षांच्या मुलीकडे कोणी नको तसले फोटो मागतो, ती धीर करून ‘रिपोर्ट’ दाबते, आणि तिच्या हाती येते ‘कळवल्याबद्दल धन्यवाद’ एवढी ओळ. काही ॲपमध्ये या तक्रारीची नोंद सेटिंगच्या आतल्या एखाद्या कप्प्यात सापडते. पण पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवता येईल असा कागद त्यातून निघत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हे बटण मजकूर हटवण्यासाठी बनले आहे. मुलाला वाचवायचे तर मजकूर हटवणे हे तीन कामांपैकी एक. पुरावा जतन करणे आणि तो पोलिसांपर्यंत पोचवणे ही उरलेली दोन. ती होत नाहीत तेव्हा ‘कारवाई केली’ या तुमच्या उत्तराचा अर्थ बऱ्याचदा ‘माग पुसला’ असा होतो.

खोट बटणाने विचारलेल्या प्रश्नातच आहे. ‘या पोस्टमध्ये काय चुकीचे आहे?’ असे ते विचारते. पण मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याच्या एकेका पोस्टमध्ये चुकीचे काहीच नसते. आधी रीलखाली कौतुक, मग फॉलो, मग ‘झोपली नाहीस अजून?’ असा मेसेज. थोडी ओळख वाढली की ‘इथे नको, स्नॅपवर ये’. फोटो तिथे मागितला जातो, धमकी तिसऱ्याच ॲपवरून येते, आणि मुलगा असेल तर पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड. (मुलीचा फोटो लावून मुलांना फसवणाऱ्या टोळ्यांचे लक्ष्य मुख्यतः किशोरवयीन मुलगेच असतात. ‘आमचा तर मुलगा आहे’ म्हणणाऱ्या पालकांनी हे ऐकून ठेवावे.) प्रत्येक ॲपला या साखळीची एकच कडी दिसते, आणि ती एकटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. कंपन्यांनी असे धागे एकमेकींना कळवावेत म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘लँटर्न’ नावाची सोय सुरू झाली. मेटा, गूगल आणि स्नॅप तिच्यात आहेत. मग तक्रार करणाऱ्या मुलाला ‘हा माणूस आणखी कुठल्या ॲपवर बोलला?’ असा साधा प्रश्न फॉर्ममध्ये का नाही?

व्हॉट्सॲपचे उदाहरण जवळून पाहा. एखाद्या नंबरचा रिपोर्ट केला की त्याच्याकडून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. हे कंपनी स्वतःच सांगते. धमकी देणाऱ्याचे शेवटचे पाच संदेश कसे असतात? ‘कुठे आहेस’, ‘रिप्लाय दे’, ‘हॅलो’, एक प्रश्नचिन्ह, एक इमोजी. ‘नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकीन’ हे वाक्य चाळीस ओळी वर राहिलेले असते. तपासणाऱ्याला पाच ओळींत काही वावगे दिसत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. नेमका धमकीचा संदेश बोटाने दाबून धरून तेवढाच रिपोर्ट करता येतो, पण हे किती पालकांना ठाऊक आहे? त्याच पडद्यावर ‘ब्लॉक करून चॅट पुसा’ अशी चौकट असते. तिच्यावरची खूण तशीच राहिली, तर घाबरलेल्या हाताने एका दाबात तक्रारही होते आणि फोनमधला पुरावाही जातो. मुलांच्या शोषणाच्या तक्रारीत ही चौकट दिसताच कामा नये.

इथे एन्क्रिप्शनचा मुद्दा पुढे करू नका. संदेशांचे कुलूप तोडा असे आम्ही म्हणतच नाही. ज्याला संदेश आला त्याच्या फोनवर तो उघडाच असतो, आणि तो स्वखुशीने तुमच्याकडे पाठवतो आहे. पाचऐवजी पन्नास संदेश निवडू दिले म्हणून कोणाचे खासगीपण बुडत नाही.

तुमचे बटण सांगत नाही म्हणून पालकांना आणि शिक्षकांना आम्ही जो क्रम सांगतो, तो असा : आधी पुरावा, मग पोलीस, मग ॲपवर रिपोर्ट, सगळ्यात शेवटी ब्लॉक. समोरच्याला उत्तर द्यायचे नाही आणि ‘पोलिसांत जाते’ असा दमही भरायचा नाही, नाहीतर तो अकाउंट बंद करून पसार होतो. प्रोफाइलवर जाऊन तिची लिंक उतरवून घ्यायची. युजरनेम अक्षर न् अक्षर तपासायचे, कारण इंग्रजी छोटा एल आणि एकचा आकडा सारखेच दिसतात आणि खालची रेघ एक आहे की दोन हे घाईत कळत नाही. वर दिसणारे ‘राहुल’ किंवा ‘प्रिया’ हे नाव कुचकामी असते, ते कोणीही कधीही बदलतो. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत ‘या अकाउंटबद्दल’ असा पर्याय असतो. अकाउंट कधी उघडले, कुठल्या देशातून चालते, आधी किती वेळा नाव बदलले हे त्यात दिसते. त्याचा फोटो घ्यायचा. तिथल्या चॅटमध्ये प्रत्येक मेसेजची वेळ आपोआप दिसत नाही. पडदा डावीकडे सरकवून धरला की दिसते, आणि स्क्रीनशॉट त्याच वेळी काढायचा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळते, म्हणून तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घ्यायचा. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. मूल घराबाहेर त्या माणसाला भेटायला गेले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मात्र हा क्रम बाजूला ठेवून पहिला फोन ११२ ला किंवा मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर.

सगळ्यात जास्त गोंधळ मुलाच्या स्वतःच्या उघड्या फोटोबाबत होतो. तो फोटो ‘पुरावा’ म्हणून वर्गशिक्षिकेला, मग मुख्याध्यापकांना, मग संस्थेच्या सचिवांना फॉरवर्ड होतो आणि शाळेतच त्याच्या पाच प्रती तयार होतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे असे साहित्य पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून फोटोची नक्कल काढायची नाही. तो कोणत्या चॅटमध्ये, किती तारखेला, किती वाजता आला हे कागदावर लिहायचे आणि फोन आहे तसा, रिसेट न करता, पोलिसांना दाखवायचा. मूळ फोन जपायला आणखी एक कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा अंकी ठसा, नोंदवावे लागते. पाच जणांकडून फिरून आलेल्या फोटोचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, आणि बचाव पक्षाचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

पोलिसांकडे जायची वाटही सरळ नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठीच्या भागात दोन दारे आहेत : नाव न देता तक्रार, आणि नाव देऊन पाठपुरावा. बदनामीच्या भीतीने घरचे लोक पहिले दार निवडतात आणि मग पुढे काय झाले हे विचारायची सोय उरत नाही. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. खंडणीचे पैसे गेले असतील तर तिथेही लगेच कळवायचे, पण तेवढ्याने मुलाची तक्रार नोंदली गेली असे समजायचे नाही. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कलम २३ प्रमाणे माध्यमांना त्याची ओळख उघड करता येत नाही. या दोन ओळी तुमच्या रिपोर्टच्या शेवटच्या पडद्यावर आल्या, तर कितीतरी आईबाप ठाण्याची पायरी चढतील. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

आता कायद्याने तुमच्यावर टाकलेल्या कामाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स विरुद्ध एस. हरीश या खटल्यात स्पष्ट केले की असा मजकूर नुसता काढून टाकून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपनीला मिळणारी सूट, मिळत नाही. पोक्सो आणि त्याच्या नियमांत सांगितल्याप्रमाणे संबंधित पोलिसांनाही तत्काळ कळवावे लागते. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेला कळवले म्हणजे जबाबदारी संपली, ही पळवाट तिथे बंद झाली. पोक्सोच्या २०२० च्या नियमांतला ११ वा नियम तर साहित्य आणि त्याचा उगमही देण्याविषयी सांगतो. मोठ्या समाजमाध्यमांनी दर महिन्याला अनुपालन अहवाल काढावा असे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम म्हणतात. किती तक्रारी आल्या, कितींवर कारवाई झाली, हे त्यात असते. त्यातल्या किती भारतीय पोलिसांकडे गेल्या, किती मराठीत होत्या, किती एखाद्या मुलाने स्वतः केल्या, हे आकडे छापा. छापायची सक्ती नाही असे म्हणाल. मनाईही नाही.

त्या अमेरिकी संस्थेचा उल्लेख आला म्हणून मोठ्या आकड्यांबद्दल दोन शब्द. तिच्या सायबर टिपलाइनवर, म्हणजे अशा शोषणाच्या खबरी घेणाऱ्या सोयीवर, २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले आणि २०२४ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख. म्हणजे शोषण कमी झाले का? नाही. एकच व्हायरल फाइल हजारो वेळा कळवण्याऐवजी असे अहवाल एकत्र बांधायला सुरुवात झाली, हे त्यामागचे एक कारण. शिवाय ती संस्था आलेल्या अहवालांचे दोन ढीग करते : पोलिसांना पुढे जाता येईल इतकी माहिती असलेले आणि नसलेले. दुसऱ्या ढिगात पडलेल्या अहवालाने कोणतेच मूल सापडत नाही.

भारताशी संबंधित अहवाल त्या संस्थेशी झालेल्या २०१९ च्या करारानुसार इथे येतात, मग राज्याकडे आणि तिथून जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे. वाटेत दोन ठिकाणी ते अडखळतात. पहिली अडचण वेळेची. अहवालातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पहाटे २ ची घटना कागदावर आदल्या तारखेच्या रात्री ८:३० ची दिसते. ती तशीच मोबाइल कंपनीकडे विचारली तर भलत्याच माणसाचे नाव हाती येते. दुसरी अडचण आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर फोनला मिळणाऱ्या क्रमांकाची. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहक वापरत असतात, त्यामुळे त्यांना वेगळे ओळखवणारा सोर्स पोर्ट क्रमांक नसेल तर नुसत्या पत्त्यावरून कोणाचाच माग लागत नाही. प्रत्येक अहवालात पोर्ट क्रमांक आणि भारतीय वेळ लिहिणे हे तुमच्या अभियंत्यांचे काही दिवसांचे काम आहे. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे हटवलेली माहिती तुम्ही १८० दिवस जपायची असते. अहवाल तीन कार्यालयांतून फिरून ठाण्यात पोचेपर्यंत त्यातले बरेच दिवस उलटलेले असतात. म्हणून या प्रकारच्या तक्रारीत जतनाचा काळ एक वर्ष करा. अमेरिकेत २०२४ च्या कायद्याने तो ९० दिवसांवरून एक वर्षावर नेला आहे, म्हणजे तुमच्यातल्या अमेरिकी कंपन्या तिथे हे करतच आहेत.

मुदतींची गंमतही अशीच. २०२१ मध्ये नियम आले तेव्हा उघडे किंवा बनावट अश्लील चित्र तक्रारीनंतर २४ तासांत काढायची सक्ती होती. मुदत २४ तास ठेवा नाहीतर दोन, घड्याळ कोणत्या क्षणी सुरू झाले हे तक्रारदाराला सिद्ध करता येत नसेल तर मुदतीला काय अर्थ? ॲपमधले बटण दाबले की सुरू, की तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल गेल्यावर? कंपनीच्या निर्णयाविरुद्ध सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत दाद मागता येते, पण तिथेही आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा जोडावा लागतो. पुन्हा आवक क्रमांकच.

भाषेकडे येऊ. आमची मुले देवनागरीत चॅट करत नाहीत, आणि त्यांना फसवणारेही नाही. ‘फोटो पाठव ना, आईला सांगू नकोस हं’ हे वाक्य रोमन अक्षरांत येते. ‘पाठव’ कोणी सगळे स्वर घालून लिहितो, कोणी तीनच व्यंजने टाकतो, कोणी शेवटच्या ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ वापरतो. ‘नको’चीही तीच गत. इंग्रजीवर शिकवलेली यंत्रणा यातून कोरडी बाहेर येते. हिंदी जाणणारा तपासनीसही गडबडतो, कारण ‘लाड करतो’ किंवा ‘गंमत दाखवतो’ यातला धोका शब्दकोशात सापडत नाही. मराठी, त्यातही रोमन लिपीतली आणि खानदेश-मराठवाड्याच्या वळणाची मराठी वाचू शकणारी माणसे या रांगेवर किती आहेत, हा प्रश्न आम्ही जाहीरपणे विचारत आहोत.

एआयने बनवलेल्या फोटोंचे प्रकरण त्याहून ताजे. वर्गातल्याच कोणीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो घेतला आणि ॲपवर त्याचे कपडे ‘उतरवले’. मुलगी रिपोर्ट करायला जाते आणि ‘खोटी माहिती’ किंवा ‘तोतयेगिरी’ निवडते, कारण फोटो खोटाच आहे ना! तक्रार चुकीच्या रांगेत पडते. पोक्सोमध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या व्याख्येत संगणकाने बनवलेले, खऱ्या मुलासारखे दिसणारे चित्रही धरले आहे. खोटा फोटो हाही पोक्सोचा विषय आहे, हे पर्यायाच्या नावातच दिसायला हवे.

हॅश, म्हणजे चित्राचा अंकी ठसा, जुळवण्याची यंत्रणा इथे कामाला येत नाही हेही समजून घ्या. फोटोडीएनए ही अशी यंत्रणा २००९ पासून आहे आणि तिने मोठे काम केले आहे. पण ती आधी माहीत असलेले चित्र ओळखते. काल रात्री बनलेल्या फोटोचा ठसा कुठल्याच यादीत नसतो. त्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही सोय २०२३ पासून आहे : फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या तो अडवतात. फोटो १८ वर्षांखालचा असताना काढलेला असला की पुरे, आज वय कितीही असो. मर्यादाही आहेत. फोटो कापला किंवा त्यावर अक्षरे चढवली की ठसा बदलू शकतो, आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये तो अडवता येत नाही. (अमेरिकेत २०२५ मध्ये झालेल्या कायद्याचेही हेच नाव आहे, दोन्हींची गल्लत नको.) मुलाने उघड्या फोटोची तक्रार केली की पुढच्याच पडद्यावर ही सोय त्याच्या भाषेत समोर यावी.

उलट बाजूही आम्हाला दिसते. आपल्याकडे बाळाच्या तेल-मालिशीचा, अंघोळीचा फोटो आजीला पाठवणे ही रोजची गोष्ट आहे. डॉक्टरांना दाखवायला बापाने काढलेल्या मुलाच्या फोटोवरून गूगलने खाते बंद केले आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही ते परत दिले नाही, असे अमेरिकेतले प्रकरण २०२२ मध्ये गाजले. वचपा काढायला दहा मित्रांनी मिळून एखाद्या मुलीच्या अकाउंटवर ‘रिपोर्ट मारणे’ हाही प्रकार होतो. म्हणून अकाउंट उडवण्याआधी माणसाने पाहावे, आणि अपीलही माणसानेच ऐकावे. पण खोट्या तक्रारींची भीती दाखवून खऱ्या तक्रारीची पोच नाकारणे हा न्याय नव्हे. पोच म्हणजे निकाल नसतो.

युरोपीय संघात २०२४ च्या फेब्रुवारीपासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याखाली तुमच्यातल्या तिथे चालणाऱ्या कंपन्यांना तक्रारदाराला पोच द्यावी लागते, निर्णय कळवावा लागतो, निर्णयाविरुद्ध कुठे जायचे तेही सांगावे लागते. म्हणजे यंत्रणा तयार आहे, फक्त ती पुण्या-नागपुरातल्या फोनवर चालू करायची आहे. पोचेवर तक्रार क्रमांक, भारतीय वेळ, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अकाउंटचा कायमचा अंकी आयडी आणि ‘मजकूर जतन केला आहे’ हे वाक्य असावे, चित्र मात्र नको. ती पीडीएफमध्ये उतरवता यावी. ॲपवर अकाउंट नसलेल्या शिक्षिकेला किंवा आजोबांनाही तक्रार करता यावी. आणि वय खोटे टाकून अकाउंट उघडलेल्या मुलाने तक्रार केली तर त्याचेच अकाउंट आधी बंद करू नका. त्या भीतीने कितीतरी मुले गप्प राहतात.

राहिला पर्यायांच्या भाषेचा प्रश्न. ‘अल्पवयीन व्यक्तीचे लैंगिक शोषण किंवा नग्नता’ हे वाक्य सहावीतल्या मुलाला स्वतःबद्दलचे वाटतच नाही. त्याऐवजी ही पाच घ्या, मोबदला नको : ‘कोणीतरी माझ्याकडे नको तसले फोटो मागतंय.’ ‘फोटो पसरवायची धमकी देतंय.’ ‘माझा खोटा उघडा फोटो बनवलाय.’ ‘एकटं भेटायला बोलावतंय.’ ‘हे माझ्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या बाबतीत घडतंय.’ जागा कमी पडली तरी पाचवे गाळू नका. स्वतःबद्दल बोलायच्या आधी मुले बहुधा मैत्रिणीचेच नाव पुढे करतात.

आपले,
मुलांच्या ऑनलाइन शोषणाच्या तक्रारींवर काम करणारे वकील, शालेय समुपदेशक आणि संगणक तंत्रज्ञ